जपानला चाललात? पब्लिक फोनसाठी कार्ड घ्यायचं की दहा येनची चिल्लर ठेवायची

पुण्यातून जपानला जाणाऱ्यांची रांग काही संपत नाही. रानडेत नाहीतर टिळक विद्यापीठात जपानी शिकून लँग्वेज स्कूलला निघालेली पोरं, हिंजवडी-चाकणहून ऑनसाइट जाणारे इंजिनियर, आणि त्यांच्या पाठोपाठ नातवंडांकडे राहायला जाणारे आजी-आजोबा. भाजणी किती न्यायची, कुकरची जास्तीची रिंग घ्यायची का, यावर तासन्‌तास चर्चा होते, पण तिथल्या पब्लिक फोनचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "अहो आता कोण वापरतं ते, व्हॉट्सॲप आहे की!"

व्हॉट्सॲप आहेच. पण टुरिस्ट म्हणून जे सिम किंवा ईसिम घेता ना, ते बहुतेक वेळा नुसतं डेटाचं असतं, त्याला फोन नंबरच नसतो, त्यामुळे त्यावरनं साध्या डायलिंगने हॉटेलच्या लँडलाइनला फोन लागत नाही, दवाखान्याला लागत नाही आणि पोलिसांचा 110 किंवा ॲम्ब्युलन्सचा 119 पण लागत नाही. हे तिथे उतरल्यावर कळतं. त्यात फोन ट्रेनमधे राहिला किंवा बॅटरी संपली तर मग बघायलाच नको. अशा वेळी स्टेशनाबाहेरचा तो हिरवा डबा एकदम कामाचा होतो, फक्त त्यात काय टाकायचं आणि कधी टाकायचं हे माहीत पाहिजे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. दहा येनची आठ-दहा नाणी एका छोट्या पाकिटात वेगळी ठेवा आणि ती खर्च करू नका. कार्ड घ्यायचं असेल तर त्याच्या जोडीला घ्या, त्याच्याऐवजी नाही. का ते आता सांगते, कारण नुसतं "नाणी ठेवा" म्हटलं की लोक शंभरची ठेवतात आणि मग उरलेले पैसे परत कसे येत नाहीत म्हणून विचारत बसतात.

आधी फोन ओळखायचा कसा. रस्त्यावर, स्टेशनवर, हॉस्पिटलच्या लॉबीत किंवा कोन्बिनीच्या, म्हणजे तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरच्या, बाहेर जो हिरवा फोन दिसतो तो जुन्या पद्धतीचा, ॲनालॉग. राखाडी रंगाचा असेल तर डिजिटल. हे दोन्ही 10 आणि 100 येनचं नाणं घेतात आणि टेलिफोन कार्डही घेतात. तिसरा प्रकार गुलाबी, तो जुन्या कॉफीच्या दुकानात वगैरे काउंटरच्या कोपऱ्यात असतो आणि तो फक्त 10 येनचं नाणं घेतो, कार्ड नाही की शंभर नाही. शिवाय गुलाबीवरनं तुम्हाला परस्पर 110-119 लावता येत नाही, दुकानवाल्यालाच सांगावं लागतं. तीन रंगांत एकच गोष्ट सगळीकडे चालते ती म्हणजे दहाचं नाणं, इथेच खरं तर अर्धा निकाल लागला.

बाकी नाणी कुठल्याच फोनमधे जात नाहीत. 500 चं नाही, 50 चं नाही, 5 आणि 1 चं तर नाहीच. 50 आणि 5 च्या नाण्याला मधे भोक असतं त्यामुळे ती पटकन बाजूला काढता येतात. दहाचं तांबूस रंगाचं, त्यावर एका देवळाची इमारत आहे, क्योतोजवळच्या उजी गावातलं ब्योदोइन. शंभरचं चंदेरी आणि त्यावर साकुराची फुलं, कडेला खाचा. आजी-आजोबांना एवढंच सांगा, "तांब्याचं ते फोनचं". चष्मा नसला तरी चालतं.

आता पद्धत. आपल्याकडे पानाच्या टपरीबाहेर जे एक रुपयाचे कॉइन बॉक्स लटकलेले असायचे ना, त्यातल्या पुष्कळांवर आधी नंबर फिरवायचा आणि समोरच्याने उचललं की मग रुपया टाकायचा, नाहीतर तो नुसता हॅलो हॅलो करत राहायचा आणि आपला आवाज काही त्याला जायचा नाही. ज्यांनी ते वापरलंय त्यांच्या हाताला तीच सवय असते. जपानमधे उलटं. आधी रिसीव्हर उचला. मग नाणं टाका. मग कानाला टोन ऐकू येतो, तो ऐकल्यावर नंबर दाबा. रिसीव्हर न उचलता नाणं टाकलं तर ते सरळ खाली परत येतं आणि माणूस म्हणतो फोन बिघडलाय. बिघडलेला नसतो, क्रम चुकलेला असतो.

एकच नाणं टाकून थांबू नका, सुरुवातीलाच तीन-चार टाकून ठेवा. फोन लागत जाईल तशी एकेक नाणी आत जातात, आणि ठेवल्यावर जी वापरलीच नाहीत ती खालच्या खणात खळकन परत येतात. एक टाकून बोलायला लागलात तर बोलणं रंगात आलं की टोन वाजतो, तुम्ही खिसे चाचपता आणि तेवढ्यात लाइन कट. शंभरचं नाणं टाकलंत तर मात्र मोड परत मिळत नाही, वीस येनचं बोलून ठेवला तरी उरलेले ऐंशी गेले. शंभरचं नाणं टाकायचं ते दहाची संपली असतील तेव्हाच किंवा लांबलचक बोलायचं नक्की असेल तेव्हा.

दहा येनमधे किती वेळ मिळतो हे कुठे फोन करताय त्यावर आहे. त्याच गावातल्या लँडलाइनला केलात तर मिनिटाला थोडं कमी. मोबाइलला केलात तर पंधराएक सेकंदांतच दहा येन उडतात, म्हणजे "हॅलो, मी बोलतेय, अगं मी, माझा फोन हरवला" एवढं होईपर्यंत दुसरं नाणं आत. त्यामुळे मोबाइलला लावताना काय बोलायचं ते आधी ठरवा, कुठे उभे आहात ते पहिल्या वाक्यात सांगा आणि "मी इथेच थांबते, तू ये" म्हणून ठेवा. आपल्याकडची माणसं आधी तब्येत विचारतात, जेवलात का विचारतात, ते नंतर.

नंबरचा एक घोळ नेहमी होतो. तुमच्या मोबाइलमधे मुलाचा नंबर प्लस 81 90 असा सेव्ह असतो, कारण पुण्यातनं व्हॉट्सॲप करताना तोच लागतो. पब्लिक फोनवर प्लसही नाही आणि 81 ही नाही, तिथे 090 पासून सुरू करायचं. 81 काढायचा आणि त्याच्या जागी शून्य लावायचा. 080 आणि 070 चे मोबाइल पण असतात, नियम तोच. लँडलाइनला पण शून्यासकट, तोक्योचा 03, ओसाकाचा 06, ओकायामाचा 086. आणि हे नंबर कागदावर लिहून त्याच नाण्यांच्या पाकिटात ठेवा, फोनमधे नाही, कारण फोन नसेल तेव्हाच तर हे सगळं करायचंय. आता कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. पूर्वी आम्हाला शेजाऱ्यांचा पीपी नंबर सुद्धा पाठ असायचा, तो काळ गेला.

नाणी मिळवायची कुठे हा खरा प्रॉब्लेम आहे. पुण्यातला मनी चेंजर तुम्हाला नोटा देतो, नाणी नाही. आणि तिथे गेल्यावर आपण लगेच सुइका किंवा इकोका नावाचं प्रीपेड कार्ड काढतो, ट्रेन त्यावर, कोन्बिनी त्यावर, ड्रिंक मशीन पण त्यावर, त्यामुळे खिशात नाणंच येत नाही. इथे दहा रुपयांच्या कटिंगला क्यूआर स्कॅन करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. उपाय सोपा, पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या ड्रिंकच्या मशीनमधे हजाराची नोट घाला, एक पाण्याची बाटली घ्या आणि खाली जी चिल्लर पडेल त्यातली तांब्याची वेगळी काढा. पुरेशी नसतील तर एक-दोन दिवस कोन्बिनीत मुद्दाम कॅश द्या. दोन-तीन दिवसांत पाकीट भरतं.

आता कार्डाकडे वळू. टेलिफोन कार्ड जपानमधे डिसेंबर 1982 मधे आलं आणि त्याच्या पुढच्या काही वर्षांत तिथे त्याचं वेडच होतं, कंपन्या जाहिरातीसाठी छापायच्या, लग्नात वाटायचे, लोक चित्रं बघून जमवायचे, अजूनही जमवतात. आपल्याकडे बीएसएनएलचं इंडिया टेलिफोन कार्ड होतं त्यासारखं हे नाही, म्हणजे चंदेरी पट्टी खरवडा, लांबच्या लांब पिन नंबर दाबा असला प्रकार नाही. हे सरळ फोनच्या फटीत आत सरकवायचं. दोन किमतीत मिळतं, 500 येनचं ज्यात 50 युनिट आणि 1000 येनचं ज्यात 105 युनिट. एक युनिट म्हणजे दहा येन, त्यामुळे हजारवाल्यात पन्नास येनचा फायदा, बस. पूर्वी तीन आणि पाच हजारांची पण होती, पण लोकांनी त्यातला मॅग्नेटिक डेटा बदलून फुकट वापरायला सुरुवात केली म्हणून ती बंद करून टाकली.

वापरायला नाण्यापेक्षा सोपं आहे हे मान्य करायला पाहिजे. रिसीव्हर उचला, चित्राची बाजू वर करून बाणाच्या दिशेने कार्ड आत ढकला, छोट्या पट्टीवर किती युनिट उरलेत ते लाल आकड्यांत दिसतं, टोन आला की नंबर दाबा. कार्ड एटीएम कार्डापेक्षा पातळ असतं, वाकतं, म्हणून मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नका. कडेला एक छोटी अर्धगोल खाच असते, ज्यांना दिसत नाही त्यांना बोटाने चाचपून दिशा कळावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर रात्रीच्या अंधारात तुम्हाआम्हालाही तीच उपयोगी पडते. जसजसं वापराल तसं मशीन कार्डाला एक बारीक भोक पाडतं, कडेला आकडे छापलेले असतात, भोक कुठल्या आकड्याजवळ आहे त्यावरनं साधारण किती उरलंय ते कळतं. बोलणं झालं की रिसीव्हर ठेवायचा आणि पी-पी आवाज येऊन कार्ड बाहेर येतं. ते घ्या. माणसं रिसीव्हर ठेवून सवयीने चालायला लागतात आणि मागे फोन बिचारा पी-पी करत राहतो.

घ्यायचं कुठून? कोन्बिनीच्या काउंटरवर "तेरेहोन काडो आरिमासु का" विचारा, प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. मोठ्या स्टेशनांच्या आसपास किन्केन शॉप म्हणून छोटी दुकानं असतात, जुनी-नवी तिकिटं, कुपनं, गिफ्ट व्हाउचर विकणारी, तिथे न वापरलेली टेलिफोन कार्डं छापील किमतीपेक्षा थोडी स्वस्त मिळतात आणि वर एखाद्या बंद पडलेल्या रेल्वे लाइनीचं किंवा मांजराचं चित्र मिळतं ते वेगळंच. पुणेकराला हे दुकान आवडणार याची मला खात्री आहे.

मग कार्ड कोणी घ्यावं? जो हॉस्टेलवर राहतोय, ज्याच्या नावावर अजून व्हॉइसवालं सिम नाही आणि ज्याला घर शोधायला एजंटला, वॉर्ड ऑफिसला, अर्धवेळ कामाच्या ठिकाणी फोन करावे लागणारेत, त्याला हजाराचं कार्ड उपयोगी आहे. असे फोन लांबतात, होल्डवर ठेवतात, तिथे नाणी टाकत उभं राहणं म्हणजे शिक्षा. पंधरा दिवस फिरायला गेलेल्याने किंवा नातवंडं सांभाळायला गेलेल्या आजीने कार्डाच्या भानगडीत पडायची गरज नाही. आणि पुण्यात घरी फोन करायला म्हणून यातलं काहीच घेऊ नका, त्याला वायफाय आणि व्हॉट्सॲपच बरं.

पण कार्डावर भरवसा का नाही, तर लाइट. जपानमधे तुम्हाला पब्लिक फोनची खरी गरज कधी पडेल तर भूकंप किंवा मोठं वादळ झाल्यावर, जेव्हा सगळे एकदम फोन करतात, मोबाइल नेटवर्कवर कंपन्या मर्यादा घालतात आणि फोन लागत नाही. पब्लिक फोनला अशा वेळी प्राधान्य असतं, त्यावर ती मर्यादा घालत नाहीत. पण त्याच वेळी लाइट पण गेलेली असते. हिरव्या फोनला बोलण्यापुरती वीज टेलिफोन एक्स्चेंजमधनं तारेतूनच येते, तेच जे आपल्या घरच्या जुन्या लँडलाइनचं होतं, गुरुवारी दिवसभर लाइट नसली तरी फोन आपला चालू. कार्ड ओढून घेणारा आणि वाचणारा भाग मात्र बाहेरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की ती लाल आकड्यांची पट्टी विझते आणि कार्ड चालत नाही, मग त्यात 105 युनिट असोत नाहीतर 5. नाणं टाकलं की फोन लागतो.

हे 1995 च्या कोबेच्या भूकंपात लोकांनी भोगलंय. लाइट नसल्याने कार्डं चालेनात, पब्लिक फोनपुढे रांगा लागल्या, आणि सगळे नाणी टाकत राहिल्यामुळे काही फोनांच्या आतल्या पेट्या भरून ते पण बंद पडले. त्यातनं धडा घेऊन पुढे मोठ्या आपत्तीत पब्लिक फोन फुकट करायची पद्धत आली, मार्च 2011 च्या भूकंपानंतर पूर्व जपानात तसे केले होते. पण "फुकट" ऐकून नाणी फेकू नका! राखाडी डिजिटल फोन नुसता रिसीव्हर उचलून चालतो, हिरव्यामधे मात्र फुकट असतानाही आधी दहाचं नाणं टाकावं लागतं आणि बोलून झाल्यावर ते परत येतं. म्हणजे लाइट नाही, कार्ड चालत नाही, फोन फुकट आहे आणि तरी तुमच्याकडे दहाचं एक नाणं नाही म्हणून तुम्ही बघत बसलात, असंही होऊ शकतं. माझा सगळा आग्रह त्या आठ-दहा नाण्यांसाठी आहे तो यासाठी.

पोलीस किंवा ॲम्ब्युलन्ससाठी मात्र ना नाणं लागतं ना कार्ड. हिरव्या फोनवर खाली एक लाल बटण असतं, रिसीव्हर उचलायचा, ते लाल बटण दाबायचं आणि मग पोलिसांसाठी 110, आग किंवा ॲम्ब्युलन्ससाठी 119. राखाडी फोनवर लाल बटण शोधू नका, रिसीव्हर उचलून थेट नंबर दाबा. आपल्या 112 आणि 108 ची सवय तिथे विसरायची. आणि तिथे उभं राहून पत्ता सांगायला घाबरू नका, त्या फोनच्या आसपास तो कुठे बसवलाय ते लिहिलेलं असतं, वाचता आलं नाही तरी रिसीव्हर न ठेवता थांबा, लाइन जमिनीतली असल्याने जागा कळायला त्यांना मदत होते.

आपत्तीच्या वेळचा अजून एक नंबर आहे 171, तो पण पाकिटातल्या कागदावर लिहा. हा एक प्रकारचा निरोपाचा डबा. 171 लावायचा, आपला निरोप ठेवायचा असेल तर 1, दुसऱ्याचा ऐकायचा असेल तर 2, मग घरातल्यांनी आधी ठरवलेला एक फोन नंबर, आणि तीस सेकंदांत बोलायचं की आम्ही ठीक आहोत, अमुक शाळेच्या मैदानावर आहोत. सूचना जपानीत येतात पण 1 आणि 2 एवढं लक्षात ठेवलं तरी निभावतं. महत्त्वाचं काय, तर कुठला नंबर टाकायचा ते सगळ्यांनी आधी ठरवलेलं पाहिजे, आईने मुलाचा टाकला आणि मुलगा बायकोच्या नंबरवर शोधत बसला तर दोघांनाही काही मिळणार नाही. सरावासाठी दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला ही सेवा उघडी असते, पोचल्यानंतरच्या पहिल्या 1 किंवा 15 तारखेला घरच्या सगळ्यांना खाली पब्लिक फोनपर्यंत घेऊन जा आणि एकदा करून बघा. पोरांना मजा वाटते, तिथल्या पोरांना पण पब्लिक फोन कसा वापरायचा हे शिकवावं लागतं आता.

फोन सापडणं पूर्वीइतकं सोपं नाही हे धरून चला. 1984 च्या सुमाराला जपानभर सव्वानऊ लाखांच्या वर पब्लिक फोन होते, मोबाइल आल्यावर ते धडाधड काढले. कायद्याने काही ठेवावेच लागतात, पण 2022 मधे तो नियमही सैल केला, आता शहरात साधारण एक किलोमीटर चौरसात एक आणि बाहेर दोन किलोमीटर चौरसात एक एवढाच आग्रह. म्हणून घरापासून आणि ऑफिसपासून सगळ्यात जवळचा कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. एनटीटी ईस्ट आणि एनटीटी वेस्ट या तिथल्या टेलिफोन कंपन्यांच्या साइटवर नकाशे आहेत, त्यावर सापडतो. रस्त्यात विचारायचं झालं तर "कोशू देनवा वा दोको देसु का", वयस्कर माणसाला विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं.

परत येताना नाणी इथे कोणी बदलून देत नाही, त्यामुळे आजी-आजोबांनी निघताना ते पाकीट सुनेच्या घरात दाराजवळच्या बॅटरी-टॉर्चच्या पिशवीत ठेवून यावं. कार्डाला मुदत नसते. अर्धं वापरलेलं असलं तरी पुण्यात घेऊन या आणि ग्रुपमधे पुढच्या बॅचला जो कोणी जात असेल त्याला देऊन टाका, भोक कुठल्या आकड्यावर आहे ते बघून त्याला सांगा किती उरलंय.